पेटीतलं कार्ड

गावात त्याला मिस्कॉल म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण ते त्याला ठाऊक होतं आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे. स्वतःच्या खर्चानं त्यानं कुणाला फोन लावलाय आणि समोरच्यानं उचलेपर्यंत दम धरलाय, असं एकही माणूस सांगू शकला नसता. वाजवायचा आणि कापायचा. गरज असेल तर समोरचा उलटा लावेल. नाही लावला तर गरज नव्हती. पुढं महिन्याचा पॅक मारला की हवं तेवढं बोला असं झालं, सगळं गाव कानाला फोन चिकटवून हिंडायला लागलं, तेव्हा हा म्हणाला, "फुकट कुठंय? पॅक मारावा लागतो की!" बायकोच्या फोनला त्यानं सगळ्यांत हलका पॅक मारला, ज्यात नुसतं ऐकू येतं, लावता येत नाही.

नवरा मिस्कॉल म्हटल्यावर बायको ओघानंच मिस्कॉलीण झाली. तिलाही ते ठाऊक होतं. तिला मात्र वाटायचं.

तिचा फोन त्यानं दुरुस्तीवाल्याच्या टाकाऊ डब्यातून उचलून आणला होता. त्याचा पडदा काळा, मेलेला. कोण बोलावतंय ते दिसायचं नाही. "दिसायला कशाला हवं? कान दिलेत ना देवानं?" असं म्हणून त्यानं तिला खुणा शिकवल्या होत्या. एकदा वाजून तुटला तर चहा टाक. दोनदा तुटला तर खाद्याची गाडी आली, शेडचं दार उघड. तीनदा तुटला तर मला उशीर होईल, वाट बघू नको. चारची खूण ठरवायची राहून गेली होती, कारण चारदा वाजवेपर्यंत माणूस उचलतो अशी त्याला भीती. आणि न तुटता लांबच लांब वाजत राहिला, तर ती पेटी. मग हातातलं टाकून पळायचं.

पेटी म्हणजे शेडच्या भिंतीवरचा कंपनीनं बसवलेला डबा. घरामागं बांध ओलांडून गेलं की कोंबड्यांची लांबलचक शेड होती. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, मेहनत घरची. पिल्लं वजनाला आली की कंपनीची गाडी येऊन भरून न्यायची. शेडच्या दोन्ही अंगांना जाड पडदे, आणि एका टोकाला माणसाच्या उंचीचे पंखे. भर उन्हाळ्यात पंखे बंद पडले तर आतल्या कोंबड्या उकडून मरायला कितीसा वेळ लागतो! म्हणून ती पेटी. तिच्या पोटात फोनमधलं असतं तसं कार्ड होतं. वीज गेली, पंखे थांबले, की पेटी आपणहून घरच्या फोनवर घंटा द्यायची आणि कुणी उचलेपर्यंत थांबायची नाही. मिस्कॉलच्या घरात पुरा फोन करणारी अशी ती एकटीच.

शेड बघायची ती बाईच. नवरा शेडचा मालक होता, म्हणजे बाहेर उभा राहून विचारायचा, "आज मर किती? मेल्या किती?" आत त्याला मळमळायचं. पिल्लं आली की पहिल्या दिवसांत ती दिव्यांच्या उबेत पोतं अंथरून त्यांच्यातच बसायची. मुठीएवढे पिवळे गोळे तिच्या मांडीवर चढून झोपायचे. मोठी झाली की तीच पिल्लं एकमेकांची पिसं उपटायची, स्वतःच्या घाणीत बसायची, मेलेलीला टोचून खायची. तरी तिला त्यांचा राग येत नसे. माणसांत राहिलेल्या बाईला त्यात नवीन काय?

याआधीचा लॉट, म्हणजे पिल्लांची अख्खी खेप, रोगानं गेला होता. कंपनीच्या सुपरवायझरनं तेव्हाच सांगून ठेवलं होतं, आता एक जरी लॉट तुमच्या लबाडीनं गेला, तर पिल्लं बंद. आणि शेड बंद म्हणजे सासूचं औषध बंद. सासूचं एक अंग गेलेलं, दुसऱ्या अंगानं आणि तोंडानं ती सगळ्या घरावर पहारा द्यायची.

त्या दिवशी ऊन असं होतं की पत्र्यावर पाणी मारलं तर चुर्र व्हायचं. कोंबड्या चोची वासून, पंख सोडून बसल्या होत्या. गाडीत भरायला अगदी थोडे दिवस राहिलेले, त्यामुळं अंगानं जड झालेल्या. तिनं पडदे ओले केले, पाण्याच्या नळ्या तपासल्या, पंख्यांसमोर जरा उभी राहिली आणि सासूला आंघोळ घालायला घरी आली. फोन खिडकीत ठेवला.

सासूला पाटावर बसवून ती पाठ चोळत होती, तेवढ्यात फोन वाजून तुटला. पुन्हा. पुन्हा.

"तीन," ती म्हणाली. "उशीर होणार म्हणे."

"बाजारात गेलाय ना?" सासू म्हणाली. तिचे शब्द एका गालातून यायचे, पण नेमके यायचे. "कुणीतरी चहा पाजेस्तोवर नाही यायचा. लहानपणी श्वाससुद्धा जपून घ्यायचा गं तो. मला वाटायचं दमा आहे."

ती हसली. सासूच्या पाठीवर पाणी ओतलं, लुळा हात उचलून काखेत साबण लावला, बोटांच्या बेचक्या धुतल्या, अंग पुसलं, कपडे घातले, चार घास भरवले. मध्येमध्ये खिडकीकडं कान होताच. फोन गप्प होता. फोन गप्प, म्हणजे पंखे सुरू. मग तिनं खरकटं आवरलं, स्वतः उभ्याउभ्या दोन घास खाल्ले आणि निघाली.

बांधावर येऊन ती थबकली. काहीतरी नव्हतं. काय नाही ते कळायला तिला जरा वेळ लागला. पंख्यांची घरघर नव्हती. रोज डोक्यात बसलेली ती घरघर थांबली होती, आणि तिच्या जागी नुसतं ऊन वाजत होतं.

ती धावत सुटली.

दार उघडल्याबरोबर आतली वाफ तोंडावर आली. घाणीची, पिसांची, उकडल्या मांसाची. मधली जागा मोकळी होती. सगळ्या कोंबड्या वाऱ्याच्या आशेनं पडद्याकडं धावल्या होत्या आणि तिथं एकीवर एक चढून त्यांची रास झाली होती. रास हलत होती. म्हणजे वरच्या नव्हत्या हलत, खालून कुठूनतरी धक्का बसला की वरच्या घसरायच्या.

तिनं आधी जनरेटरकडं धाव घेतली. हँडल मारलं. दोनदा उलटं बसलं, मनगटावर आदळलं, तिसऱ्यांदा धुरानं खोकत इंजिन सुरू झालं. पंखे फिरले. मग पडदे वर फेकून तिनं राशीत हात घातले. वरच्या मेलेल्या ओढून मागं टाकायच्या, खाली जित्या आहेत का बघायचं. अंगं गरम होती, मऊ होती, तिला क्षणभर वाटायचं जिवंत आहे, आणि मान हातातून लोंबायची. चोचींतून गळलेलं चिकट पाणी कोपरापर्यंत आलं. खालच्या काही जित्या निघाल्या. त्यांनी घाबरून तिलाच ओरबाडलं. काही तिनं पाण्यात बुडवून पंख्यासमोर ठेवल्या आणि त्या तिच्याकडं बघत मेल्या. ती थांबली नाही. थांबली तेव्हा उन्हं उतरली होती. जित्या एका कोपऱ्यात मावतील एवढ्याच उरल्या होत्या आणि मेलेल्यांची रास तिच्या छातीला लागत होती.

मग तिनं पेटीकडं पाहिलं. पेटीवर एक दिवा असतो. ठीक असेल तर हिरवा, बिघडली तर लाल. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली होती. ती तिनं नखानं काढली. लाल. झाकण उघडलं. कार्डाची खाच रिकामी होती.

नवरा आला तो अंधार पडता पडता. दारातूनच वास आला असणार, नाकाला रुमाल लावूनच आत डोकावला. बघितलं, आणि पहिलं काय बोलावं?

"तू काय करत होतीस?"

ती खाली बसली होती. हातांवर पिसं वाळून चिकटली होती. "तुमच्या आईला आंघोळ घालत होते. पेटीतलं कार्ड कुठंय?"

"कसलं कार्ड?"

"पट्टी लावलीत ना दिव्यावर? ती लावताना जे काढलंत ते."

 त्यानं खिशातला फोन चाचपला, आणि तिला कळलं.

"माझ्या नंबरचा पॅक संपला होता," तो म्हणाला. "आता तूच सांग. महिनाभरात एक शब्द न बोलणाऱ्या डबड्याला मी पॅक मारायचा, आणि माझ्या बोलत्या फोनला वेगळा मारायचा? डबल? कार्ड आमच्याच पैशानं चालतं, कंपनी काही देत नाही."

"मग माझ्या फोनवर तुम्ही दुपारी..."

"त्याच कार्डावरनं. मग? तुला कळवलं ना, उशीर होईल म्हणून?"

पंखे थांबले होते तेव्हा पंख्यांचं कार्ड बाजारात, याच्या खिशात बसून तिला सांगत होतं की वाट बघू नको. तिला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता तोंडात आंबट पाणी आलं. ती बाहेर जाऊन ओकली.

आत येऊन बघते तर हा झाकण उघडून कार्ड पेटीत बसवायला बघतोय. बसेना. त्याच्या फोनची खाच बारीक, म्हणून दुकानदारानं कार्ड कडेनं छाटून दिलं होतं. आता पेटीच्या मोठ्या खाचेत ते खुळखुळत होतं. त्यानं कागदाची घडी घालून पाहिली, चिकटपट्टी लावून पाहिली, थुंकी लावून पाहिली. दिवा लालच.

"नवीन घ्या कार्ड," ती म्हणाली.

"आता मेल्यावर?" त्यानं कार्ड परत स्वतःच्या फोनमध्ये घातलं. "हे बघ, डोकं शांत ठेव. पेटी बंद होती असं कळलं तर कंपनी म्हणणार, तुम्ही मुद्दाम बंद केली. पिल्लं बंद. कायमची. पण पेटी वाजली आणि माणूस उठला नाही, तर ती चूक माणसाची. दम देतील आणि पुढचा लॉट टाकतील. तेव्हा पेटी वाजली. तू झोपली होतीस."

"मी?"

"मग काय मी? मी गावातच नव्हतो, बाजारातल्या लोकांनी बघितलंय."

"मी झोपले नव्हते."

"मला माहीत आहे गं. मी कुठं म्हणतोय तू झोपली होतीस? नुसतं म्हणायचंय." तो समजुतीच्या सुरात बोलत होता, लहान मुलाला कडू औषध पाजताना बोलतात तसा. "आईच्या औषधाचा विचार कर."

ती उठली, फावडं घेतलं. खड्डा काढायला हवा होता. उन्हाळ्यात मेलेली कोंबडी रात्रभर ठेवायची नसते.

"थांब, थांब. पुरू नको."

"का?"

"बाजारात एक जण आहे. कापून खानावळींना देतो. त्याला सांगून ठेवतो मी. मिस्कॉल देतो, तो लावेल उलटा. मेल्या त्या उन्हानं मेल्यात, रोगानं थोड्याच? शिजवल्यावर सगळं सारखंच."

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. एवढ्या वर्षांत कधी इतकं नीट पाहिलं नव्हतं. मग फावडं भिंतीला टेकवलं आणि हात धुवायला निघून गेली. साबण लावला, राख लावली, पुन्हा साबण लावला. वास गेला नाही. जेवताना घास तोंडाजवळ आला की आधी तो वास यायचा. तिनं ताट सारलं.

सासूनं सगळं ऐकलं होतं. शेडवर जाता येत नसलं तरी जेवणावर तेच बोलणं पुन्हा निघालं, ते तिच्या कानावर पडलं होतं. "मी सांगते त्या सुपरवायझरला," ती म्हणाली. "म्हणावं, माझी पाठ चोळत होती. बघा, अजून स्वच्छ आहे."

"तुला कोण विचारतंय?" मुलगा म्हणाला.

"तेच तर. मला कुणी विचारत नाही, म्हणून तुझ्यासारखा निघाला."

सकाळी शेडवर निळ्या माश्यांचा ढग होता. पोटं फुगली होती, कातडीखाली हिरवट झाक आली होती. फुगलेल्या कोंबडीवर दुसरी घसरून पडली की आतून हवा सुटल्याचा आवाज यायचा. नवऱ्यानं नाकाला रुमाल बांधून, हातात काठी घेऊन त्यातल्या त्यात बऱ्या दिसणाऱ्या बाजूला ढकलल्या होत्या. हात एकीलाही लावला नव्हता. बाजारवाल्याला त्यानं दोनदा मिस्कॉल दिला होता. उलटा फोन आला नव्हता. तो दर घडीला खिशावर हात ठेवून बघत होता, वाजला आणि ऐकू नाही आला असं नको व्हायला.

बाजारवाल्याच्या आधी सुपरवायझर पोचला. तरुण पोरगा, कडक इस्त्रीचा शर्ट, अंगाला अत्तराचा वास. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून तो आत आला आणि दोन पावलांवर थांबला. "आयला," म्हणाला. मग त्याला बाई दिसली आणि म्हणाला, "सॉरी वहिनी."

"वीज गेली हो साहेब, भर दुपारी," नवऱ्यानं सुरू केलं. "पेटी वाजली असणार हो, लांब वाजली असणार. मी बाजारात. ही घरी. आता बाईमाणूस, दिवसभर राबलेलं, जरा डोळा लागला..."

"फोन वाजला आणि तुम्ही उठला नाहीत वहिनी?"

ती जित्या उरलेल्यांना पाणी ठेवत होती. वर बघितलं नाही. बोललीही नाही. तिच्या मौनाचा अर्थ नवऱ्यानं लावून टाकला. "लाज वाटतेय तिला," तो म्हणाला. "झोप फार. पहिल्यापासून."

"ठीक आहे. पेटी चालू आहे ना?"

"हो, हो! म्हणजे काय?"

"टेस्ट करून घेतो." सुपरवायझरनं स्वतःच्या फोनमध्ये पेटीचा नंबर शोधला. हा नंबर त्यानं पेटी बसवल्या दिवशी टाकून ठेवला होता आणि त्यानंतर एकदाही लावला नव्हता. त्यानं लावला, आणि पेटीकडं बघत उभा राहिला.

नवऱ्याचा खिसा वाजला.

सकाळपासून तो ज्या फोनची वाट बघत होता तोच आला असं समजून त्यानं घाईनं तो काढला. नंबर बघायची सवय त्याला नव्हती, आलेला फोन म्हणजे दुसऱ्याच्या खर्चाचा, तो पटकन उचलायचा एवढंच त्याला माहीत. चार पावलं बाजूला जाऊन, तोंडाला हात लावून तो हळूच बोलला, "हां, बोला. माल तयार आहे. ताजाच समजा. कालचाच आहे. गाडी मागच्या बाजूनं आणा, कंपनीचा माणूस आलाय."

सुपरवायझरच्या एका कानात ते हवेतून आलं आणि दुसऱ्या कानात फोनमधून.

"हॅलो?" नवरा म्हणाला. "ऐकू येतंय का?"

"येतंय," सुपरवायझर म्हणाला.

 सुपरवायझर पेटीपाशी गेला, झाकण उघडलं, खाच पाहिली, पट्टीचा डाग पाहिला. कोपऱ्यात ढकललेला माल पाहिला. मागं वळला तेव्हा त्याच्या तोंडावर किळस होती, आणि बाईला वाटलं, चला, एका माणसाला तरी किळस आली.

पण किळस लवकर ओसरली. तिच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. त्यानं घाम पुसला.

"ही पेटी मी दर आठवड्याला तपासतो असं वर कळवत आलोय," तो नवऱ्याला हळू आवाजात म्हणाला. "मेलो ना मी. तुमच्या आधी मी मेलो."

"मग तपासलीच नाही का तुम्ही?" नवऱ्यानं विचारलं, आणि त्याच्या आवाजात एकदम जीव आला.

"तुम्ही बोलू नका काही! बोलूच नका." तो दोन फेऱ्या मारून परत आला. "हे कार्ड मी बघितलं नाही. उद्याच्या उद्या नवीन टाका. तो बाजारवाला मी ऐकला नाही. पेटी वाजली. वहिनी झोपल्या होत्या. एवढंच झालं. काय?"

"तेच तर मी म्हणत होतो," नवरा म्हणाला.

दोघंही तिच्याकडं वळले. एकाच्या नाकावर रुमाल, एकाच्या बुटांवर पिशव्या. दोघांचे हात स्वच्छ.

"वहिनी, तुमचं नुकसान नाही त्यात. मोठे साहेब जरा ओरडतील. तुम्हाला कोण ओळखतं तिकडं?"

"मला कोण ओळखतं," ती म्हणाली. "खरंय."

सुपरवायझरनं मोठ्या साहेबांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा केला. मर प्रचंड आहे, वीज गेली, पेटी वाजली, शेडवरची बाई झोपली होती, असं सगळं त्यानं एका दमात सांगितलं. पलीकडून एक जाडा, जेवण झालेला आवाज आला.

"झोपली होती म्हणजे? खात्री कशावरून? पेटी बंद नव्हती ना? मागं एकानं असंच केलं होतं. त्या बाईला फोन दे."

सुपरवायझरनं फोन तिच्या तोंडासमोर धरला. हातात दिला नाही; तिचे हात तसे होते. तिच्या नाकाजवळ ते चकचकीत यंत्र आलं, त्याला अत्तराचा वास होता. त्याच्या पाठीमागं नवऱ्याचं तोंड. मान वरखाली करून तो तिला खुणावत होता, हो म्हण, हो म्हण.

एक शब्द खरा बोलली तर पेटीचं सगळं बाहेर येणार होतं. शेड गेली असती. सासूचं औषध गेलं असतं. पुढच्या लॉटची पिल्लं, मांडीवर चढणारी, ती गेली असती. आणि खोटं बोलली तर फक्त ती जाणार होती. या बायका कशा झोपाळू असतात, हे चहाच्या टपरीवर नवराच आधी सांगणार होता.

"बाई, बोला. फोन वाजला होता का?"

"वाजला होता साहेब," ती म्हणाली. काल दुपारी तीनदा वाजला होता, त्यात खोटं काही नव्हतं.

"मग उठला का नाही?"

ती क्षणभर थांबली. नवऱ्याची मान थांबली.

"झोपले होते साहेब. मला झोप फार. माझे मालक सांगतातच, पहिल्यापासून. दिवसा तर डोळा उघडतच नाही. कालचं काय घेऊन बसलात, मी रोजच झोपते. पुढच्या लॉटलाही झोपेन."

नवरा हसायला लागला होता, तो मध्येच थांबला.

"मग तुम्हाला शेडवर ठेवलंच कशाला?" जाडा आवाज चढला. "सुपरवायझर! ऐक. पुढचा लॉट टाकायचा असेल तर ही बाई शेडवर नको. आजपासून आत पाऊल टाकता कामा नये. मालकानं स्वतः राहायचं, दिवसरात्र, तिथंच. जमत नसेल तर पगारी माणूस ठेवायचा. आणि मर आजच्या आज पुरून टाका. एकही बाहेर जाता कामा नये. तू उभा राहा तिथं, स्वतः मोज, खड्ड्याचे फोटो पाठव. चुना टाकलेला दिसला पाहिजे."

"साहेब, माणूस..." सुपरवायझर म्हणाला.

"मालक आहे ना? तू आहेस ना? दोन माणसं झाली की." फोन बंद झाला.

तिनं हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. जित्या कोंबड्या तिच्या पायांशी आल्या होत्या. एकीनं तिच्या अंगठ्यावर चोच मारली, खाणं समजून. तिनं वाकून त्या कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवला. मग सरळ झाली आणि दाराकडं चालू लागली.

"अगं, कुठं चाललीस?" नवरा म्हणाला.

"साहेबांनी सांगितलं ना, आजपासून नको म्हणून."

"ते आपलं बोलायचं असतं! हे कोण उचलणार?"

"मला शेडवर ठेवलं तर पिल्लं यायची नाहीत," ती म्हणाली. "तुमच्या आईच्या औषधाचा विचार करा."

सुपरवायझर म्हणाला, "वहिनी, निदान हातमोजे कुठं आहेत ते तरी सांगा."

"हातमोजे घरात कधी आलेच नाहीत," ती म्हणाली. "मी हातानंच करायची."

बांधावर पोचेपर्यंत मागून पहिला आवाज आला. कुणीतरी ओकत होतं. दोघांपैकी कोण, ते बघायला तिनं मान वळवली नाही. पण चालताना तिच्या पायाला वेग नव्हता. शेडमध्ये जित्या उरल्या होत्या, त्यांना दुपारी पुन्हा पाणी मारायला हवं होतं, आणि ते त्या दोघांना सुचणार नव्हतं. हे तिला सोडून कुणालाच कळणार नव्हतं, आणि ते कळत असून आता तिला तिकडं जायचं नव्हतं. घरात शिरेस्तोवर तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. तिनं ते दंडाला पुसलं, कारण हात तोंडाजवळ नेववत नव्हते.

सासू खाटेवर वाट बघत होती. सुनेनं तिला सगळं सांगितलं.  म्हातारीच्या चांगल्या गालावर हसू आलं आणि अर्ध्यावरच अडलं.

"पुढच्या वेळी पिल्लं आली की बघायला तरी जाशील ना?"

"दारातून."

"हं." म्हातारीनं जागा केली, होईल तेवढी सरकली. "ये. पड इथं."

"अंगाला वास येतोय माझ्या."

"मला एकाच नाकपुडीनं येतो. पड."

ती खाटेच्या कडेला आडवी झाली. एवढ्या उजेडात, दार उघडं ठेवून, ती कधी आडवी झाली नव्हती. काय करावं ते अंगाला कळेना. डोळे मिटले की रास दिसायची, म्हणून तिनं छताकडं बघत ठेवले. मग कधीतरी मिटले.

उन्हं पार डोक्यावर आली तेव्हा नवरा दारात आला. त्याच्या आधी त्याचा वास आला. कोपरापर्यंत काळपट ओलं, केसांत पिसं, शर्ट छातीला चिकटलेला. तो आत येत नव्हता, उंबऱ्यापलीकडंच हात अंगापासून लांब धरून उभा होता, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

"अगं," तो म्हणाला. आवाज पार बसला होता. "ते चुन्याचं पोतं कुठंय? आणि हात... हातांचा वास कशानं निघतो गं?"

ती जागी होती. उत्तर तिच्या जिभेवर होतं: निघत नाही. तिनं डोळे उघडले नाहीत.

म्हातारीनं आपला चांगला हात सुनेच्या कपाळावर ठेवला, आणि मुलाकडं बघून म्हणाली,

"हळू बोल. झोपलीय ती."